नाशिकहून डहाणू-बोर्डी: गणपती उठल्यावर, दिवाळीच्या आधी

समुद्र म्हटलं की नाशिककर अलिबाग, गणपतीपुळे नाहीतर थेट गोवा धरतो, आणि तेही दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत. पण आपल्याला जवळ पडणाऱ्या किनाऱ्यांपैकी एक त्र्यंबकच्या पलीकडे आहे. तोरंगणचा घाट उतरून मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी असं गेलं की साधारण दीडशे किलोमीटरवर डहाणू लागतं. तिथून सुरूच्या झाडांच्या कडेकडेने पंधराएक किलोमीटर उत्तरेला गेलं की बोर्डी. मुंबईच्या वाहतुकीत न अडकता, एका दिवसात ऊन-पाऊस-डोंगर-समुद्र सगळं बघत पोहोचता येतं.

माझं सांगणं असं की तिथे पहिल्यांदा जायचं तर अनंत चतुर्दशी ते वसुबारस या दिवसांत जावं. भाद्रपदाचा उत्तरार्ध आणि आश्विन. खोल्या रिकाम्या असतात, घाट हिरवा असतो, मासेमारी सुरू झालेली असते. द्राक्षबागायतदारांच्या घरी तर हा हिशेब आणखी चोख बसतो, कारण एकदा ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पुढे कित्येक महिने बाग सोडून हलता येत नाही. पण हे बिगरहंगामी दिवस आहेत, आणि त्यांची तयारी दिवाळीच्या सहलीपेक्षा वेगळी असते.

काय मिळेल, काय मिळणार नाही

निळंशार पाणी मिळणार नाही. पावसाळाभर नद्या आणि खाड्यांनी आणलेला गाळ अजून बसलेला नसतो, म्हणून सप्टेंबरात पाणी मातकट दिसतं. वाळूही इथे पांढरीशुभ्र नाही, करडी आणि दाबून बसलेली आहे. चार महिन्यांच्या लाटांनी आणलेले ओंडके, जाळ्यांचे तुकडे, प्लास्टिक किनाऱ्यावर दिसतं, आणि विसर्जनानंतर लगेच गेलात तर त्याच्याही खुणा दिसतात. पाण्यातले खेळ, पॅराग्लायडिंग, स्पीडबोट असलं काही मनात धरून जाऊ नका.

मिळेल ती लांबच लांब मोकळी वाळू. पावसाळी ढग विरायला लागलेले असतात, त्यामुळे संध्याकाळी आभाळात जे रंग उठतात ते डिसेंबरच्या कोरड्या आभाळात दिसत नाहीत. ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत ते सगळं आभाळ उतरतं. उत्तरेकडून येणारे तुतवारसारखे पक्षीही याच दिवसांत किनाऱ्यावर टिपताना दिसू लागतात. हे बघायला ज्याला आवडतं त्याने जरूर जावं. ज्याला फक्त डुंबायचं आहे त्याने डिसेंबरपर्यंत थांबावं, हे मी मनापासून सांगतो.

१. आधी आभाळ बघा

मोसमी पाऊस उत्तर कोकणातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. म्हणजे सप्टेंबर हा पावसाचाच महिना धरायचा, आणि उघडीप मिळाली तर आनंद मानायचा. शेवटच्या आठवड्यात हस्त नक्षत्र लागतं. हस्ताचा पाऊस म्हणजे दिवसभर ऊन, दुपारनंतर ढग भरून येणं, विजा आणि तास-दोन तासांची जोरदार सर, हे नाशिकच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. त्यावरून प्रवासाचा एक साधा नियम निघतो. घाट जाताना आणि येताना, दोन्ही वेळा दुपारच्या आत ओलांडायचा.

निघायच्या तीन-चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा पालघर जिल्ह्याचा अंदाज बघत राहा, नुसता नाशिकचा नाही. नाशिकला लख्ख ऊन आणि जव्हारला मुसळधार, असं सहज होतं. पालघरला नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकला. बिगरहंगामात खोल्या रिकाम्या असल्यामुळे तारीख बदलून मिळणं अवघड नसतं, म्हणून खोली ठरवतानाच हे बोलून ठेवा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाऊस जवळजवळ संपतो, पण ऑक्टोबर हीट सुरू होते. नाशिकच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला किनाऱ्यावरचा हा दमटपणा फार जाणवतो. घाम वाळत नाही. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर दुपारी अकरा ते चार खोलीतच राहायचं असं आधीच ठरवून टाका.

२. मग तिथी बघा

हा भाग मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण बोर्डीला जाऊन हिरमुसलेली माणसं बहुतेक याच ठिकाणी चुकलेली असतात. डहाणू-बोर्डीचा किनारा अतिशय सपाट आहे. शिवाय आपण जसजसे खंबातच्या आखाताकडे सरकतो तसतसा भरती-ओहोटीमधला फरक वाढत जातो. त्यामुळे ओहोटीला इथला समुद्र इतका आत जातो की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, पाणीच नाही. चार-पाच तास गाडी चालवून चिखलट वाळू बघायला आलो का, असा प्रश्न घरची मंडळी विचारतात. सहा तासांनी तोच समुद्र सुरूच्या झाडांच्या दिशेने चालत येतो. तेव्हा आपण जेवून झोपलेलो असतो.

कोकणात यासाठी एक सोपं गणित आहे. त्या दिवसाची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला. पौर्णिमा-अमावस्येला साधारण बारा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीच्या सव्वासहा तास पुढे-मागे ओहोटी. डहाणू मुंबईच्या उत्तरेला असल्यामुळे तिथे पाणी थोडं उशिरा चढतं, तेवढी सूट ठेवा आणि नेमकी वेळ मोबाईलवरच्या भरतीच्या तक्त्यात पडताळून घ्या. भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून सहलीचा दिवस ठरवता यावा, एवढं हे गणित पुरेसं आहे.

आता ते वापरायचं कसं? संध्याकाळी सूर्यास्ताच्या वेळी पाणी जवळ हवं असेल तर पंचमी ते अष्टमी हे दिवस धरा. या दिवसांत सूर्यास्त साडेसहाच्या आसपास असतो आणि भरती साडेचार ते सातच्या दरम्यान येते. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असतो आणि जोरही कमी. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी मला हेच दिवस योग्य वाटतात. पितृपक्षातली पंचमी ते अष्टमी आणि नवरात्रातली पंचमी ते अष्टमी, असे दोन चांगले मोके दरवर्षी मिळतात.

लांबवर चालायचं असेल, शिंपले आणि खेकडे बघायचे असतील तर उलट करा. सर्वपित्री अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती दुपारी बाराला येते आणि संध्याकाळी सहाला समुद्र पार आत गेलेला असतो. अर्धा-पाऊण तास नुसतं पश्चिमेकडे चालत राहावं, पायाखाली ओली वाळू, आणि तिच्यावर बारीक खेकड्यांनी काढलेली वाळूच्या गोळ्यांची नक्षी. मात्र परत फिरायची वेळ घड्याळात लावून ठेवा. सपाट किनाऱ्यावर भरती फिरली की पाणी झपाट्याने येतं, आणि मागच्या बाजूचे खोलगट पट्टे आधी भरतात.

आणि कोजागिरी. संध्याकाळी ओहोटी असते, चंद्र वर येतो तेव्हा समोर चकाकणारी ओली वाळू असते, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला दूध आटतं तेव्हा पाणी पुऱ्या भरतीला आलेलं असतं. गच्चीवरची कोजागिरी दरवर्षी होतेच, एकदा ही करून बघा.

वाराबद्दल थोडक्यात. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. २ ऑक्टोबर जोडून येणारी सुट्टी तर नक्कीच टाळा, कारण मुंबई, वापी, सुरत सगळीकडून लोक येतात. सोमवार ते गुरुवार किनारा जवळजवळ आपलाच असतो. मुलांची सहामाही परीक्षा शाळेला विचारून घ्या, ती नेमकी याच काळात येते.

३. वाट

स्वतःची गाडी असेल तर नाशिक–त्र्यंबक–मोखाडा–जव्हार–कासा–चारोटी–डहाणू. थांबे धरून साडेचार-पाच तास मोकळे ठेवा. सकाळी सहाला निघालात तर उत्तम. पितृपक्षात त्र्यंबकला नारायण नागबळी आणि इतर श्राद्धविधींसाठी देशभरातून माणसं येतात, त्यामुळे उशीर झाला की गावाजवळ गाड्यांची रांग लागते.

पेट्रोल नाशिकमधूनच भरून घ्या, रोख पैसे बरोबर ठेवा आणि नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून घ्या. मोखाडा परिसरात नेटवर्क येतं-जातं. तोरंगण घाटात सकाळी धुकं असतं आणि पावसाळ्यात पडलेले दगड, खचलेल्या कडा कुठेकुठे असू शकतात. धबधब्याशी वळणावर गाडी उभी करून फोटो काढू नका, मागून येणाऱ्या एसटीला तुम्ही दिसत नाही.

या वाटेवर एक गोष्ट मला नेहमी थांबायला लावते. ब्रह्मगिरीच्या परिसरात पडलेला पाऊस दोन दिशांना वाटला जातो. एक वाट गोदावरीची, ती पूर्वेला सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. दुसरी वैतरणेची, ती पश्चिमेला उतरून पालघर जिल्ह्यातच अरबी समुद्राला मिळते. घाट उतरताना आपण गोदेचं खोरं सोडून वैतरणेच्या बाजूला आलेलो असतो. गाडीत मुलं असतील तर त्यांना हे तिथेच दाखवा.

जव्हारला, साधारण ऐंशी किलोमीटरवर, नाश्त्याला थांबा. हे मुकणे संस्थानिकांचं गाव. जय विलास राजवाडा, सनसेट पॉइंट, हनुमान पॉइंट ही नेहमीची ठिकाणं आहेत. शिरपामाळावर १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला होता असं सांगतात. दाभोसा धबधबा या दिवसांत भरून कोसळत असतो. तो वरूनच बघा. खालच्या डोहात उतरण्याचा मोह इथे माणसांच्या जिवावर बेतलेला आहे. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर याच वेळी भात, नागली आणि वरई उभी असते. शेतात शिरून फोटो काढताना पीक तुडवलं जातं, तेव्हा बांधावरूनच काढा.

चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडावा लागतो. अवजड वाहनांचा ओघ फार असतो, घाई करू नका. जवळच विवळवेढे इथे महालक्ष्मीचं मंदिर आहे. तिची मोठी यात्रा चैत्रात भरते, पण नवरात्रातही गर्दी असते. दर्शन घ्यायचं असेल तर त्या दिवसांत तासभर जास्त धरा.

एसटीने जायचं तर नाशिकहून जव्हारला जाऊन तिथून डहाणूची गाडी पकडता येते. वेळा ऋतूनुसार आणि रस्त्यानुसार बदलतात, म्हणून आदल्या दिवशी स्थानकावर जाऊन विचारा.

रेल्वेचा मार्ग लांबचा आहे पण घाट लागणाऱ्यांना बरा. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने नाशिक रोडहून दादर, तिथे पश्चिम रेल्वेवर जाऊन डहाणू रोड लोकल, नाहीतर विरारपर्यंत जाऊन पुढे डहाणूची लोकल. चर्चगेटच्या बाजूने डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून जाते. बोर्डीला जवळचं स्टेशन घोलवड, डहाणू रोडच्या पुढचं. पण लोकल डहाणूलाच संपते, म्हणून बहुतेक लोक डहाणूला उतरून रिक्षाने किंवा एसटीने बोर्डी गाठतात.

४. राहण्याची सोय

डहाणूत राहायचं की बोर्डीत? बाजार, दवाखाना, स्टेशन जवळ हवं असेल तर डहाणू. शांतता हवी असेल तर बोर्डी-घोलवड. मी बोर्डी निवडेन.

या दिवसांत फोन करून बोलणं हेच खरं. ऑनलाइन दिसणारी बरीच ठिकाणं पावसाळ्यात डागडुजीसाठी बंद असतात आणि दसऱ्याच्या आसपास उघडतात. फोनवर हे विचारा: स्वयंपाकघर चालू आहे का, की जेवण बाहेर करावं लागेल? वीज गेली तर जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का? खोलीला ओल येते का, आणि गाद्यांना ऊन दिलंय का? खिडक्यांना जाळी आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "वीज जातच नाही" असं आलं तर पुढच्या ठिकाणी फोन लावा.

दर कमी होतात, पण नुसती घासाघीस करण्यापेक्षा दोन रात्री राहतो, जेवण तुमच्याकडेच घेतो, असं सांगितलं तर मालक आपण होऊन चांगला दर देतो. घरगुती पद्धतीच्या राहुट्या आणि वाड्यांमध्ये माणसं कमी असल्यामुळे जेवणाचं सामान त्या दिवशीच आणतात. म्हणून काय खाणार हे सकाळी सांगून ठेवायची पद्धत आहे.

५. सामान

सुती, लवकर वाळणारे कपडे, आणि लागतील त्यापेक्षा दोन जोड जास्त, कारण इथे दमट हवेत काहीही लवकर वाळत नाही. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वाऱ्यात छत्री उलटते. वाळूत चालायला जुन्या पट्ट्याच्या चपला, डासांचं मलम, ओआरएसची पाकिटं, घाट लागणाऱ्यांची गोळी, बॅटरी, मोबाईलसाठी पाणी न जाणारी पिशवी. मासळी आणायची असेल तर बर्फाचा डबा. कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी, आपला कचरा परत आणायला.

६. पाण्यात उतरण्याआधी

सप्टेंबरात समुद्र अजून शांत झालेला नसतो. लाट लहान दिसली तरी परत जाताना ती पाय ओढते. गोदावरीत किंवा गंगापूर धरणाच्या पाण्यात पोहणाऱ्याला वाटतं, आपल्याला येतं. पण लाटा आणि भरती-ओहोटीची ओढ हे वेगळंच प्रकरण आहे. गुडघ्यापर्यंत पाणी, ही मर्यादा मोठ्यांसाठीही ठेवा. ओहोटी सुरू झाल्यावर पाण्यात मुळीच जाऊ नका, तेव्हा ओढ आतल्या दिशेने असते. खाडीच्या मुखाजवळ कुठल्याच वेळी नको. प्रत्येक ठिकाणी जीवरक्षक असेलच असं धरून चालू नका.

उतरण्याआधी किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या एखाद्या काकांना विचारा, "काका, आज पाणी कसं आहे?" ते नको म्हणाले तर विषय संपला.

जेलीफिश पावसाळ्याच्या शेवटी किनाऱ्याला लागतात. निळ्या फुग्यासारखं दिसणारं ब्लू बॉटलही त्यांच्याबरोबर येतं. वाळूवर मेलेलं पडलं असलं तरी त्याच्या तंतूंचा दंश होतो, तेव्हा मुलांना हात लावू देऊ नका. दंश झालाच तर चोळू नका, वाळू घासू नका. तंतू चिमट्याने किंवा काडीने अलगद उचलून काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसएक मिनिटं ठेवा. श्वास लागला, चक्कर आली तर लगेच दवाखाना. डहाणू आणि कासा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२.

गाडी वाळूवर नेऊ नका. वरून टणक दिसणारी वाळू खाली मऊ असते, आणि रुतलेली गाडी भरतीच्या आत निघाली नाही तर ती समुद्राची होते.

७. दोन दिवसांत काय बघावं

खरं तर एक संध्याकाळ आणि एक सकाळ किनाऱ्यावर काढली तरी येणं सार्थ होतं. पण दुपारचा वेळ असतो, आणि हा परिसर नुसता समुद्राचा नाही.

घोलवडला चिकूच्या वाड्या आहेत. 'डहाणू घोलवड चिकू'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुख्य बहर थंडीत, त्यामुळे आता झाडावर मोजकीच फळं दिसतील. पण वाडीतून फिरायला परवानगी मिळते का विचारा. पावसाने धुतलेल्या त्या गर्द झाडांखाली भर दुपारीसुद्धा गारवा असतो. चिकूच्या चकत्या, लोणचं, हलवा मिळतो, घरी न्यायला तोच बरा. द्राक्षवाल्या माणसाने चिकूवाल्याशी बोलत बसावं. पाणी, बहर, बाजार, दलाल, दोघांचे विषय एकच निघतात.

बोर्डीचं नाव शिक्षणाच्या इतिहासात मोठं आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शाळेत मूल येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावं, ही अंगणवाडीची आणि कुरणशाळेची (गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच भरणारी शाळा) कल्पना या मातीत रुजली. कोसबाड किनाऱ्यापासून फार लांब नाही. शिक्षक असाल तर तिथे नक्की जा, आधी संस्थेला कळवून.

वारली चित्रं घ्यायची तर चित्रकाराकडूनच घ्या. पद्मश्री जिव्या सोमा मशे याच तालुक्यातले, गंजाडच्या बाजूचे. आजही आसपासच्या पाड्यांवर चित्रं काढणारी घरं आहेत. भाव करताना एक लक्षात ठेवा, एका हातभर चित्राला किती दिवस लागतात ते आधी विचारा, मग आकडा बोला.

पारशी-इराणी वस्तीच्या खुणा डहाणू ते उदवाडा सगळीकडे आहेत. बाहरोटच्या डोंगरावरच्या लेण्यांत पारशी समाजाने गुजरातेतलं संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर आपला पवित्र अग्नी काही वर्षं जपला होता. पण सप्टेंबरात ती चढण निसरडी असते, तेव्हा पावसाळा पूर्ण ओसरल्यावरच, तेही स्थानिक माणूस घेऊन. उदवाडा गुजरातेत आहे. तिथल्या अग्निमंदिरात पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, पण गावातली जुनी घरं आणि गल्ल्या बघण्यासारख्या आहेत. बोर्डीच्या पुढे झाई हे बंदर, आणि त्यापलीकडे लगेच गुजरातची हद्द. गाडीत दारूची बाटली असेल तर ती हद्द ओलांडू नका. गुजरातेत दारूबंदी आहे आणि नाक्यावर तपासणी होते.

डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. किनाऱ्यावर उंच हॉटेलांची रांग दिसत नाही त्याचं हे मोठं कारण. आता जवळच वाढवण इथे मोठं बंदर होतंय, ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा त्याला अनेक वर्षांपासून विरोध आहे. कोळीवाड्यात गप्पा मारायला बसलात तर हा विषय निघेलच. आपण ऐकून घ्यावं. समुद्र त्यांच्या घरातला आहे, आपण दोन दिवसांचे.

८. जेवण आणि मासळी

महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यानंतर नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या खऱ्या अर्थाने बाहेर पडतात. म्हणजे आपण जातो तेव्हा ताजी मासळी येत असते. बोंबील, मांदेली, कोळंबी, मुडदुशी, पापलेट, नशिबात असेल तर घोळ. ताजे बोंबील रव्यात घोळवून तळलेले इथे खावेत. नाशिकला येईपर्यंत बोंबलाचं पाणी होतं, त्याला प्रवास मानवत नाही.

पापलेट घेताना आकार बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये ते राज्यमासा म्हणून घोषित झालं, आणि १३५ मिलीमीटरपेक्षा लहान पापलेट पकडण्यावर राज्यात बंदी आहे. तळहातावर मावणारी पिल्लं स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. गिऱ्हाईकच नसेल तर ती जाळ्यात ठेवली जाणार नाहीत.

सुकी मासळी या दिवसांत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात वाळवण होत नाही, त्यामुळे जे मिळतं ते बहुधा गेल्या हंगामातलं आणि ओल लागलेलं असतं. सुके बोंबील आणि जवळा दिवाळीनंतर, कडक उन्हात वाळलेला घ्या.

पितृपक्ष किंवा नवरात्र पाळणाऱ्यांची अडचण होत नाही. डहाणूत गुजराती वस्ती जुनी आहे, त्यामुळे शाकाहारी जेवण चांगलं मिळतं. उपवासाचं मात्र मालकांना आदल्या रात्री सांगून ठेवा.

९. परतीचा दिवस

सकाळी लवकर डहाणूच्या बाजारात जा. मासळी घेताना कल्ला उघडून बघा, लालबुंद हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, अंग दाबल्यावर परत वर येणारं. मावशींकडूनच साफ करून घ्या, पण धुऊ नका. डब्यात खाली बर्फ, मग मासळी, वर पुन्हा बर्फ, आणि वितळलेलं पाणी जव्हारला एकदा ओतून टाका. कोळंबी आणि पापलेट एवढ्या प्रवासात चांगले टिकतात. एसटीने जाणार असाल तर हा खटाटोप करू नका, शेजारच्यांना वासाचा त्रास होतो.

नऊच्या आत डहाणू सोडा, म्हणजे दुपारी ढग भरून यायच्या आत तोरंगण घाट मागे पडतो. उशीर झालाच, आणि जव्हारला आभाळ काळं दिसलं, तर तिथेच चहा घेऊन सर ओसरेपर्यंत थांबा. रात्री घाट चढण्यापेक्षा जव्हारला मुक्काम केलेला कधीही चांगला.

घरी आल्यावर गाडी दुसऱ्याच दिवशी धुवायला द्या, आणि खालच्या बाजूने पाणी मारायला आवर्जून सांगा. खाऱ्या हवेने आणि ओल्या वाळूने पत्रा लवकर गंजतो. चपला आणि पिशव्या गोड्या पाण्यात भिजवून उन्हात टाका. ऑक्टोबरच्या नाशिकच्या उन्हात त्या एका दुपारीत वाळतात.